डॉ. ग्रॉस यांचं कपाळ आणि त्या बाईचे हात

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकेने मर्दानगीची जी कल्पना जपली, ती मला सगळ्यात स्पष्ट दिसते थॉमस ईकिन्सच्या 'द ग्रॉस क्लिनिक' या १८७५ च्या चित्रात. फिलाडेल्फियातल्या जेफरसन मेडिकल कॉलेजचं शस्त्रक्रियेचं सभागृह. कोवळ्या रुग्णाच्या मांडीतलं सडलेलं हाड काढणं चालू आहे. डॉ. सॅम्युएल ग्रॉस क्षणभर थांबून विद्यार्थ्यांकडे वळलेत. काळा कोट, रक्ताने माखलेली बोटं, त्यात धरलेली सुरी. वरून येणारा सगळा उजेड त्यांच्या कपाळावर! दंड, छाती, तलवार काही नाही. पुरुषाचं बळ इथे विचारात आणि न थरथरणाऱ्या हातात आहे. गृहयुद्ध संपून दहा वर्षं झाली होती, आणि हा नवा नायक मला रणांगणावरच्या सेनापतीपेक्षा कितीतरी मोठा वाटतो.

पण डावीकडे एक बाई आहे. बहुधा रुग्णाची आई. तिने चेहरा झाकून घेतलाय, बोटं आखडलीत. अख्ख्या सभागृहात ती एकटीच बाई, आणि भीती, वेदना, कळवळा हे सगळं चित्रकाराने तिच्या एकटीच्या वाट्याला दिलंय. पुरुषांचा शांतपणा उठून दिसावा म्हणून तिला कोसळावं लागतं. मला हे खटकतं, आणि चित्र थोर आहे म्हणूनच जास्त खटकतं.

कारण त्याच शहरात १८५० पासून बायकांचं वैद्यकीय महाविद्यालय होतं. १८६९ मध्ये तिथल्या विद्यार्थिनी पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलमध्ये शस्त्रक्रियेचे धडे बघायला गेल्या, तेव्हा पुरुष विद्यार्थ्यांनी आरडाओरडा करून त्यांची हुर्यो उडवली. म्हणजे सभागृहातला तो पुरुषी शांतपणा बायकांना बाहेर ठेवून राखलेला होता. याच महाविद्यालयातून आपल्या आनंदीबाई जोशी मार्च १८८६ मध्ये डॉक्टर झाल्या.

आणि ईकिन्सला हे कळत नव्हतं असं मी मानत नाही. तो चित्रकला शिकवायचा, आणि चित्रकलेच्या विद्यार्थिनींनीही नग्न शरीराचा अभ्यास केलाच पाहिजे, यावर तो ठाम होता. त्यांच्या वर्गात पुरुष मॉडेलचं लंगोटासारखं वस्त्र काढल्यावरून वादळ उठलं आणि त्याच १८८६ साली त्याला पेनसिल्व्हेनिया अकॅडमी या कलाशाळेतली शिकवण्याची जागा सोडावी लागली.

१८८९ च्या 'द ॲग्न्यू क्लिनिक'मध्ये त्याने पुन्हा तसंच सभागृह रंगवलं. डॉक्टर आता पांढऱ्या कपड्यांत आहेत. टेबलाजवळ मेरी क्लायमर ही परिचारिका ताठ उभी आहे, नजर रुग्णावर, चेहरा निश्चल. चौदा वर्षांपूर्वी जो शांतपणा फक्त पुरुषांचा होता, तो इथे एका बाईच्या चेहऱ्यावर आलाय, आणि ईकिन्सला याचं श्रेय मी मनापासून देते. तरी टेबलावर उघड्या छातीने बेशुद्ध पडलेली रुग्णही बाईच आहे आणि भोवतीच्या बाकांवर सगळे पुरुष विद्यार्थी. एवढी पावलं टाकूनही सुरी धरलेली बाई त्याने रंगवली नाही, आणि तशा बाया तर त्याच्याच शहरात शिकत होत्या.