पोट्ट्यांना तारे दाखवायचं पुस्तक घेताना आधी अक्षांश पाहा

सुट्ट्या लागायच्या आधी दोघातिघांनी विचारलं, पोराला आकाशदर्शनाची आवड लागून राहिली आहे, कोणतं गाईडबुक घेऊ, आणि सोबत परदेशी पुस्तकांचे फोटो. गुळगुळीत कागद, मोठे रंगीत नकाशे, किंमतही तशीच. म्हणून इथेच सगळ्यांसाठी लिहितो. पैसे द्यायच्या आधी एकच पाहा, आतले नकाशे कोणत्या अक्षांशासाठी काढलेत. बहुतेक वेळा कुठेतरी बारीक अक्षरात 40 ते 50 अंश उत्तर असं काहीतरी असतं. आपलं नागपूर आहे 21 अंशावर, आणि एवढ्यानं अर्धं पुस्तक बदलतं.

ध्रुव ताराच घ्या न. जागेचा जितका अक्षांश, साधारण तितक्याच अंशांवर ध्रुव दिसतो. लंडनमध्ये 51 वर, आपल्याकडे 21 वर. हात समोर लांब करून मूठ धरली तर ती मूठ म्हणजे अंदाजे 10 अंश, म्हणजे आपला ध्रुव क्षितिजापासून फक्त दोन मुठी वर. पोरगं पुस्तक पाहून मान उंच करून शोधतं आणि ध्रुव असतो समोरच्या फ्लॅटस्कीमच्या टाकीमागे. मग पोरगं म्हणतं मला जमत नाही, आणि पुस्तक कपाटात जातं. सप्तर्षी आणि शर्मिष्ठा (कॅसिओपिया) हे तारकासमूह कधी मावळत नाहीत हेही त्या पुस्तकांत ठासून लिहिलेलं असतं, तिकडे ते खरंच आहे, इथे दोन्ही मावळतात.

पण मला जास्त वाईट वाटतं ते दक्षिणेचं. अगस्त्य हा व्याधानंतरचा सगळ्यात तेजस्वी तारा, तो साधारण 37 अंशांच्या उत्तरेला दिसतच नाही, म्हणून त्या नकाशांत त्याला जागाच नाही. आपल्याकडे फेब्रुवारीत रात्री नवाच्या सुमारास दक्षिणेला पाहा, दीड मूठ वर, ठळक. आणि हौशी लोकांची जी प्रसिद्ध मेसिए यादी आहे, तारकागुच्छ, तेजोमेघ, दीर्घिका अशा 110 आकाशस्थ वस्तूंची, जवळपास प्रत्येक गाईडबुक जिच्याभोवती फिरतं, ती मुळात फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ शार्ल मेसिएनं अठराव्या शतकात पॅरिसला बसून केली. पॅरिस 49 अंशावर. जे तिथून दिसलं नाही ते यादीत आलं नाही. म्हणून नरतुरंग (सेंटॉरस) तारकासमूहातला ओमेगा सेंटॉरी त्यात नाही, जो आपल्या आकाशगंगेतला सगळ्यात मोठा गोलाकार तारकागुच्छ आहे, 17 हजार प्रकाशवर्षं लांब आणि अंदाजे एक कोटी तारे! हॅलीनं, हो तोच धूमकेतूवाला, 1677 मध्ये दक्षिणेतल्या सेंट हेलेना बेटावरून त्याची नोंद केली होती. आपल्याला कुठल्याही बेटावर जायची गरज नाही. मेच्या मध्यावर रात्री दहाच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला दोन मुठी वर असतो, साध्या दहा बाय पन्नासच्या (दहापट मोठं दाखवणाऱ्या, 50 मिमी भिंगाच्या) दुर्बिणीत धुरकट गोळा दिसतो, अंधाऱ्या जागेवरून नुसत्या डोळ्यांनीही. मेमध्ये आपल्याकडे अजूनही कित्येक घरी गच्चीवर अंथरुणं पडतात, कूलरची हवाही नको वाटते, म्हणजे माणसं आपसूकच आकाशाखाली असतात, आणि नेमकं ह्या महिन्याबद्दल सांगणारं पुस्तक हाताशी नसतं.

महिन्यांचाही तसाच घोळ. तिकडचं पुस्तक म्हणतं जुलै-ऑगस्टमध्ये आकाशगंगा पाहा, 12 ऑगस्टच्या सुमारास ययातीचा (पर्सिड) उल्कावर्षाव पाहा. तेव्हा आपल्यावर ढगांचं छप्पर असतं. आपला सीझन नोव्हेंबर ते मे. उल्का पाहायच्या तर 13-14 डिसेंबरच्या मिथुनेच्या, थंडी कडक आणि आकाश स्वच्छ. वृश्चिक आणि धनू तर मेमध्ये मध्यरात्रीनंतर दक्षिणेला चांगले वर येतात, वृश्चिकेतला ज्येष्ठा तारा इथे चार मुठी वर आणि लंडनला जेमतेम एक.

आणि चंद्र कधी आड येणार नाही ते पाहायला भिंतीवरचं कालनिर्णय पुरे आहे. अमावास्येच्या आसपासचे दिवस घ्यायचे. त्यात रोजचं नक्षत्रही दिलेलं असतं, रोहिणी लिहिलं असेल तर त्या रात्री चंद्र रोहिणीच्या जवळपास, एवढं धरून पोट्ट्यांना एकेक तारा ओळखता येतो. आपल्या आज्यांना कृत्तिका, मृग, हस्त, चित्रा, स्वाती पाठ असायचे आणि आपली मुलं ओरायन म्हणून थांबतात. माझं म्हणणं, दोन्ही नावं यावीत.

अंधार शोधायला लांब जायची गरज नाही. आपल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला जानेवारी 2024 मध्ये भारतातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. गावातल्या मुलांसाठी रमण विज्ञान केंद्रात तारांगणही आहे. जागा आहे, पाहणारे आहेत.

ज्यांनी परदेशी पुस्तक घेतलंच आहे त्यांनी फेकू नका. चंद्राचे नकाशे, ग्रहांची, जोडताऱ्यांची माहिती कुठेही चालते. फक्त त्यातले फोटो पाहून मृगाचा तेजोमेघ गुलाबी दिसेल असं मुलांना सांगू नका, डोळ्याला तो राखाडीच दिसतो आणि राखाडीही सुंदर असतो. तारका-तबकडी (तारीख-वेळ जुळवून त्या वेळचं आकाश दाखवणारी फिरती चकती) घ्याल तर 20 अंशांची मागा, 50 ची नको.

आणि मराठी प्रकाशकांपैकी कोणी वाचत असेल तर मनापासून विनंती आहे, 20 अंशांचे नकाशे, नोव्हेंबरपासून सुरुवात, पावसाळ्याचे चार महिने चारच पानांत, दक्षिणेचं आकाश पूर्ण, दोन्ही नावं, आणि गच्चीवर टॉर्चच्या लाल उजेडात वाचता येतील अशी मोठी अक्षरं. असं पुस्तक काढा, पहिल्या दिवशी घ्यायला मी येतो.