हात धरा, मंडळी!

शाळेत मुलं आणि पालक यांच्यासाठी लोकनृत्याची संध्याकाळ ठरली की सगळे विचारतात, 'नाच कोणते?' नाच ही त्यातली सोपी बाब. अवघड आहे ते 'हात धरा'. पहिलीतली मुलगी आईचा हात सोडत नाही, चौथीतला मुलगा कुणाचाच धरत नाही, आणि बाबांचा एक हात फोनला तर दुसरा घरातल्या सगळ्यांच्या स्वेटरांना वाहिलेला असतो. एवढ्या भांडवलावर रिंगण उभं करायचं.

रिंगणाचं गणित आदल्या दिवशीच करून ठेवा. हात धरून उभ्या असलेल्या माणसाला साधारण १ मीटर जागा लागते. ४० माणसं म्हणजे ४० मीटरचा परीघ, म्हणजे जवळजवळ १३ मीटर व्यास. बास्केटबॉलचं पूर्ण मैदान २८ बाय १५ मीटरचं, त्यात हे कसंबसं बसतं. ६० माणसांना १९ मीटर लागतात. तिथे कुणीतरी उत्साही काका 'मागे सरा, मागे सरा' म्हणू लागतात. माणसं सरतात, भिंत सरत नाही. म्हणून ४५च्या वर गेलात की आत एक आणि बाहेर एक अशी दोन रिंगणं करा.

'सगळे आले की सुरू करू' हे मनातही आणू नका. नऊ माणसं दिसली की संगीत लावा. पहिला नाच असा हवा, की उशिरा येणाऱ्याला कुठलेही दोन हात सोडवून मध्ये शिरता यावं. 'जोडीदार निवडा' हे शब्द पहिली २० मिनिटं तोंडातून काढायचे नाहीत. काढलेत तर निम्मी मंडळी भिंतीला चिकटतात, आणि चिकटलेला बाबा सोडवणं हे पाकिटावरचं तिकीट सोडवण्याइतकं नाजूक काम आहे.

आता डावं-उजवं. नाच सांगणारा सूत्रधार रिंगणाच्या मध्यभागी उभा राहिला तर निम्म्या लोकांना त्याची पाठच दिसते, आणि समोरच्यांचं डावं ते त्याचं उजवं होतं. म्हणून त्यानं स्वतः रिंगणातच उभं राहावं. यावर हुशार लोक 'दाराकडे चला' अशी युक्ती काढतात. समोरासमोरच्या दोन रांगांत ती चालते. रिंगणात मात्र निम्मे डावीकडून आणि निम्मे उजवीकडून दाराकडे निघतात आणि वाटेत टक्कर होते. खात्रीचा उपाय एकच: येताना दारातच प्रत्येकाच्या उजव्या हातावर रंगीत टिकली चिकटवा. मोठ्यांच्याही. किंबहुना मोठ्यांच्या आधी.

रील म्हणजे स्कॉटलंड-आयर्लंडकडचा जलद नाच. त्याची चाल बहुधा ६४ ठेक्यांची, आठ-आठच्या आठ तुकड्यांची. सूत्रधाराचा हुकूम मागच्या तुकड्याच्या शेवटच्या चार ठेक्यांत पडला पाहिजे. ऐन समेवर 'फिरा' म्हणालात तर मंडळी चार ठेके उशिरा फिरतात आणि तो उशीर शेवटपर्यंत अंगावर वागवतात. शाळेच्या हॉलमध्ये आवाज घुमतो, तेव्हा वाक्यं नकोत. 'पुढे चार', 'मागे चार', 'गिरकी' एवढंच पुरे. स्पीकर डोक्यांच्या वर ठेवा आणि माइक घेऊन त्याच्यासमोर जाऊ नका. गेलात तर जी शीळ उठते ती कुठल्याच लोकसंगीतात बसत नाही. नाच चालून दाखवायचा तो फार तर दोनदा. तिसऱ्यांदा समजावू लागलात की मुलं जमिनीवर लोळू लागतात. मोजे घालून नाचू देऊ नका. गुळगुळीत लाकडावर गिरकी सुरू करता येते, थांबवता येत नाही.

माझा आवडता नाच म्हणजे रशियन त्रोइका. तीन घोड्यांसारखी तिघं एका ओळीत: मध्ये पालक, दोन्हीकडे मुलं. जोडीदाराची भानगडच नाही. पण त्यात हातांच्या कमानीखालून जावं लागतं, आणि सहा फुटी बाबा नि पहिलीतली लेक यांची कमान लेकीचा हात पोचेल तेवढीच उंच होते. भाऊ सुळकन निघून जातो. बाबांना स्वतःच्याच हाताखालून वळायचं असतं. इथे हात सोडलेला बरा.

डेन्मार्कच्या 'सात उड्या' मुलांना हमखास आवडतात. दर फेरीला लांबवलेला एक सूर वाढतो, आणि त्याबरोबर एकेक हालचाल: एक पाय उचलायचा, मग दुसरा पाय, मग टेकायचा एक गुडघा, दुसरा गुडघा, दोन्ही कोपरं, शेवटी कपाळ जमिनीला. आजोबांनी दोन सुरांवर समाधान मानावं. टेकणं जमतं, उठणं हा वेगळा नाच आहे.

व्हर्जिनिया रील या जोड्यांच्या अमेरिकन नाचाला एका रांगेत चार-पाचच जोड्या घ्या, फार तर सहा. आघाडीची जोडी प्रत्येकाला फिरवत जाते, आणि प्रत्येक जोडीची पाळी येते. त्यामुळे जोड्या दुप्पट केल्या की वेळ जवळजवळ चौपट होतो. बाराव्या जोडीतली मुलं तोवर टाळ्या वाजवून थकतात आणि पडद्यामागे काय आहे ते बघायला जातात.

शेवटी खुर्च्या उचलायला हात लागतात, तेव्हा मघाचे शंभर हात कुठे जातात कोण जाणे. म्हणून शेवटचा नाच नागमोडी साखळीचाच ठेवा आणि ती खुर्च्यांच्या बाजूला नेऊन संपवा. दारावरून मात्र चुकूनही नेऊ नका. पहिला बाहेर पडला की साखळी हात न सोडता त्याच्यामागे जाते, आणि परत येत नाही.