बक्षिसाआधी पैसे मागणारे पत्र

‘कौन बनेगा करोडपती’च्या नावाने २५ लाखांची लॉटरी लागल्याचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश किंवा परदेशी लॉटरीचे ईमेल कसे ओळखावेत, असे कुणी विचारले की ‘भाषेतल्या चुका बघा’ हा सल्ला आपण अजूनही देतो. मला तो आता धोक्याचा वाटतो, कारण शिक्का आणि बोधचिन्हासह बिनचूक मराठीतले पत्र तयार करणे आज कुणालाही जमते. पैसे कोण कुणाकडे मागतो आहे, हे पाहायला हवे.

तिकीटच काढले नसेल तर लॉटरी लागणार कशी? १९६९ पासूनच्या महाराष्ट्र राज्य लॉटरीचे बक्षीसही तिकीट दाखवल्याशिवाय मिळत नाही, आणि मोठ्या रोख बक्षिसावरचा ३० टक्के प्राप्तिकर बक्षीस देणाराच कापून घेऊन उरलेली रक्कम विजेत्याच्या हाती ठेवतो. त्यामुळे ‘आधी कर भरा, मग रक्कम जमा होईल’ हे वाक्य आले की पुढचे काही वाचण्याची गरज उरत नाही. ठग मात्र थोडक्यापासून सुरुवात करतात: आधी प्रक्रिया शुल्क, मग जीएसटी, मग रिझर्व्ह बँकेचे तथाकथित प्रमाणपत्र. आधीचे पैसे बुडू नयेत म्हणून माणूस पुढचे भरत जातो. त्याला हावरट म्हणणे मला अन्यायाचे वाटते. (रिझर्व्ह बँक सामान्य माणसाचे खाते ठेवत नाही, हे तिने स्वतःच वारंवार जाहीर केले आहे.)

ईमेलमध्ये पाठवणाऱ्याच्या नावावर जाऊ नका, त्यामागचा पूर्ण पत्ता उघडा आणि ‘@’ नंतरचा भाग शेवटाकडून वाचा. बँकेचे नाव सुरुवातीला घालून शेवटी भलतेच संकेतस्थळ जोडणे ही नेहमीची युक्ती आहे. ‘केवायसी संपली’, ‘आज रात्री वीज तोडू’ अशा संदेशांतल्या लिंकमध्येही ‘https://’ नंतर येणाऱ्या पहिल्या ‘/’ पर्यंतचाच भाग याच रीतीने शेवटाकडून वाचावा. यूपीआयवर पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही.

आणि घरात कुणी फसलेच, तर ‘एवढे शिकून कसे फसलात?’ हा प्रश्न कृपया विचारू नका. लाजेपोटी माणूस गप्प बसतो आणि तेवढ्या वेळात रक्कम एका खात्यातून दुसऱ्या खात्यात फिरवली जाते. ताबडतोब सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेला फोन करा. व्यवहार क्रमांक, वेळ आणि रक्कम हाताशी ठेवा आणि ठगाचे संदेश पुसू नका.