पेटलं नाई, पेटवलं

पाडव्याची रात्र, 9 एप्रिल 2024. गुढ्या सांजेलाच उतरल्या होत्या. दारव्हा रस्त्यावरच्या पानठेल्यापाशी चौघं एकाच मोबाइलवर वाकलेले. आपल्याकडे दहा वाजून तेवीस मिनिटं, फ्लोरिडातल्या केप कॅनाव्हेरलला भरदुपार. डेल्टा-4 हेवी या अमेरिकी रॉकेटचं सोळावं आणि शेवटचं उड्डाण. बुडाशी भडका उठला, रॉकेटच्या अंगावरून वर चढला आणि मोटर वाइंडिंगवाला ओरडला, "पेटलं बे! गेलं!"

"गेलं नाई, निघालं," सर म्हणाले. "थो जाळ ठरवून हाय."

"ठरवून कोनी आपलंच घर पेटवते काय?"

"आधी आयक. इंधन द्रव हायड्रोजन हाय. इंजिनात ऑक्सिजन जास्त झाला तं तापलेला धातूच जळते. म्हनून हायड्रोजन काही सेकंद आधी सोडतेत. न जळलेला गॅस हवेहून हलका, अंगाले लागून वर चढते. थो साचू नये म्हनून खाली ठिणग्या उडवनारी नळकांडी लावलेली असतेत. टाकीवरचा नारिंगी फोम भाकरीवानी वरून करपते, आत झळ पोचत नाई. पुढं त्यायनं एक तोड काढली: तीनपैकी एका बाजूचं इंजिन दोन सेकंद आधी पेटवाचं. त्याचा झोत बाकीचा गॅस ओढून नेते. जाळ कमी झाला, पन गेला नाई."

पानठेलेवाल्याचा हिशोब वेगळा. "येवढा ताप हाय तं हायड्रोजन वापरतेतच काहून?"

"किलोमागं जोर जास्त देते. पन जागा लय खाते. लिटरले 71 ग्रॅम. तुया तो 15 लिटरचा पिपा भरला, तं जेमतेम किलोभर. आन् उणे 253 अंशावर ठेवाचं. म्हनून तर पाच मीटर रुंदीच्या तीन टाक्या शेजारी शेजारी बांधल्या."

वायरमन तोवर गप्प होता. त्याला याच उड्डाणाच्या 28 मार्चच्या फसलेल्या प्रयत्नाचा किस्सा माहीत होता: चार मिनिटं उरली असताना मोजणी थांबली. रॉकेट धडधाकट. दगा दिला तो तळावर नायट्रोजन पुरवणाऱ्या लाइनीवरच्या पंपानं. व्हॉल्व्ह हलवायचा दाबच नाही तर उडवणार काय?

"पंप कोनाचाबी असो, ऐन वक्तालेच बसते," मोटरवाला खुशीत आला. "तरी येवढं चांगलं रॉकेट बंद काहून?"

"महाग. एका खेपेले 35 कोटी डॉलरच्या आसपास, आन् बाजूचे बूस्टर समुद्रात. स्पेसएक्स कंपनीच्या फाल्कन हेवी रॉकेटचे परत उतरतेत. याच्या जागी आलेलं व्हल्कन जानेवारीत उडूनबी गेलं."

यावर कोणी फार भांडलं नाही. भांडण पेटलं ते याच रॉकेटच्या 2004 च्या पहिल्या उड्डाणावरून. तेव्हा बाजूची इंजिनं आठ सेकंद आधी बंद पडली, मधलं नऊ. टाक्यांत माल शिल्लक होता आणि सेन्सर म्हणाले, संपला. वरच्या टप्प्यानं जास्त वेळ जळून भर घालायचा प्रयत्न केला, तरी ठरलेली कक्षा काही गाठली नाही.

"सेन्सर खराब," मोटरवाल्याचा निकाल.

"नाई. ऑक्सिजनच्या पाइपात दाब पडला, द्रवाची तिथंच वाफ झाली. सेन्सरभोवती बुडबुडे आले, त्यानं कोरडं सांगितलं. त्याच्यापुरतं थे खरंच होतं."

"म्हंजे मोटरीनं हवा घेतली."

"हवा बाहेरून येते. फूटव्हॉल्व्ह गळला, जोड सैल झाला तं. इथं बाहेरून काहीच नाई आलं."

मोटरवाल्यानं सुपारी गालात सरकवली. "विहिरीचं पानी खाली गेलं, मोटर वर राह्यली, तं जोड घट्ट असूनबी पंपात गोटे फिरल्यावानी आवाज येते. इंपेलर, म्हंजे पंपातलं फिरतं चाक, खोललं तं मधमाशीनं टोचल्यावानी भोकं."

"थेच!"

"मंग सर, एवढा येळ हवा-हवा काहून भांडून रायले? आपून त्याले मोटर खाली घेतो. त्यायनं इंजिन खाली कसं घ्यावं?"