बारा वर्षांचं भूत आणि नोटरीचा कागद

सोसायट्यांच्या ग्रुपवर 'घरमालकांनो सावधान' असा एक संदेश फिरतोय. त्याचा सारांश असा: भाडेकरू बारा वर्षं राहिला की घर त्याचं होतं, म्हणून अकरा महिन्यांचाच करार करा; करार नोटरी केला की पुरे; मुदत संपूनही माणूस हलला नाही तर पाणी तोडा, कुलूप बदला, कारण कोर्टात वीस वर्षं जातात. संदेशातली भीती खरी आहे, पण हे उपाय घरमालकालाच गोत्यात आणतील.

आधी बारा वर्षांचं बघू. प्रतिकूल ताब्यासाठी, म्हणजे दुसऱ्याची जागा बारा वर्षं अडवून ती आपली म्हणायला, ताबा मालकाच्या हक्काविरुद्ध असावा लागतो. भाडेकरू तर मालकाच्याच परवानगीने राहतो. शिवाय ज्याच्याकडून जागा घेतली त्याची मालकी ताब्यात असताना नाकारता येत नाही. हे 1872च्या पुरावा कायद्यात होतं, नव्या साक्ष्य अधिनियमातही आहे. बारा हा आकडा अगदीच हवेतून आलेला नाही. भाडेपट्टा संपल्यावर ताबा मागायचा दावा मुदत कायद्याप्रमाणे 12 वर्षांत लावावा लागतो. म्हणजे धोका आहे तो करार संपल्यावर वर्षानुवर्षं हातावर हात ठेवून बसणाऱ्याला.

मग ही धास्ती आली कुठून? माझ्या मते 1973 मधून. मुंबई भाडे कायदा 1947चा. त्यात भाडी सप्टेंबर 1940च्या पातळीला गोठलेली, म्हणून मालकांनी 'लिव्ह अँड लायसन्स'ची, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी ठरावीक मुदतीपुरती राहायची नुसती परवानगी द्यायची, वाट काढली. पुढे कायद्यात दुरुस्ती झाली आणि 1 फेब्रुवारी 1973 रोजी चालू लायसन्सवर जागेत असलेले लोक संरक्षित, म्हणजे सहजी काढता न येणारे, भाडेकरू ठरले. ज्यांनी तात्पुरती म्हणून खोली दिली होती त्यांच्या नातवंडांनाही ती परत मिळाली नाही, अशी घरं गिरगाव-दादरला आजही सापडतील. त्या पिढीने पुढच्या पिढीला सांगितलेली भीती आता मोबाइलवर फिरते आहे. कायदा मात्र 31 मार्च 2000 पासून वेगळा आहे.

त्या तारखेला लागू झालेल्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियमाच्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, मग तो अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. वर्षाच्या आतल्या भाडेपट्ट्याला नोंदणीतून सूट, हा 1908च्या नोंदणी कायद्यातला हिशेब इथे चालत नाही. नोंदणीची जबाबदारीही मालकाची; ती टाळली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. त्याहून महाग पडते दुसरी गोष्ट: नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी ग्राह्य धरलं जातं, आणि ते खोडून काढायचं काम मालकाच्या गळ्यात पडतं. आणि वाचतं किती? तीस हजार भाडं, लाखभर डिपॉझिट, अकरा महिने, तर मुद्रांक शुल्क साडेआठशेच्या आसपास आणि शहरात नोंदणी फी हजार रुपये. नोटरीवाल्या एजंटला एवढे तर आपण हसत देतो.

पाणी तोडायचा सल्ला तर सरळ गुन्ह्याकडे नेणारा. अत्यावश्यक सुविधा बंद करायला कलम 29 मनाई करतं. कुलूप बदललंत तर बाहेर काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत ताबा परत मागू शकतो आणि त्या दाव्यात तुमची मालकी हे उत्तर होऊ शकत नाही. भाडं बुडवणाऱ्याला आयती सहानुभूती मिळते ती वेगळीच.

राहिला वीस वर्षांचा मुद्दा. राहण्यासाठी दिलेल्या जागेची लायसन्सची मुदत संपली की कलम 24 खाली दिवाणी कोर्टात नव्हे, सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे अशा अर्जांसाठी सरकारने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करायचा. समोरच्याला समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत बचावाची परवानगी मागावी लागते. नाही मागितली तर मालकाचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. मुदतीनंतर तो जितके दिवस राहील तितक्या दिवसांची भरपाई दुप्पट दराने. तारखा तिथेही पडतात, आणि चिकट माणूस आदेशावर पुनरीक्षणाला, म्हणजे वरच्या पातळीवर फेरतपासणी मागायला, जातो. हे सगळं महिन्याभरात उरकतं असं सांगणाऱ्या वकिलावरही विश्वास ठेवू नका.

संदेशात नाही ती अडचण मात्र वेगळी आहे. कलम 24 मुदत 'संपल्यावर' लागू होतं. तिसऱ्याच महिन्यात भाडं थांबलं आणि करार तीन वर्षांचा असेल, तर मालक अडकतो. म्हणून अनोळखी माणसाशी पहिला करार अकरा महिन्यांचा करणं शहाणपणाचं, डिपॉझिट दोन-तीन महिन्यांच्या भाड्याइतकं घ्यावं, आणि भाडं थकलं तर लायसन्स कसं रद्द होईल ते करारात स्पष्ट लिहावं. दुकान भाड्याने देणाऱ्यांनी तर वकिलाशी आधीच बोलावं. कलम 24चा हा रस्ता त्यांना नाही.