चिवट म्हणजे कठीण नव्हे

"कठीण, टणक, दणकट, चिवट... सगळं एकच की," तात्या म्हणाले आणि मास्तरांनी चहाचा कप कट्ट्यावर ठेवला.

"एकच कसं असेल? कठीण संस्कृतातल्या 'कठिन'वरून आला. ज्याच्यावर ओरखडा उठत नाही तो कठीण. गणित कठीण झालं ते नंतर. टणक आवाजातून निघाला, ठोकलं की टण वाजतं. दणकट आणि दणका एका घरातले. आता चिवटमधला शेवटचा 'ट' बघा. आंबट, खारट, तुरट."

"मग उरलेला 'चिव' म्हणजे चिव्याची, त्या बांबूची काठी का हो?" आप्पांनी विचारलं.

"मोह होतो खरा. चिवा वाकतो, मोडत नाही, अर्थ झकास जुळतो. पण आवाज आणि अर्थ जुळला एवढ्यावर व्युत्पत्ती ठरत नाही, जुन्या लिखाणात मधली रूपं दिसावी लागतात. शब्द चुकीच्या जागी फोडला तरी घोटाळा होतो. पोरकट, तेलकट यांत 'कट' प्रत्यय आहे. त्याच चालीने चिकट फोडाल तर हाती 'चि' उरेल. तिथे शब्द आहे चीक, आणि त्याला लागलाय नुसता ट."

तात्या हटेनात. "व्युत्पत्ती राहू द्या. जे कठीण ते मोडत नाही, म्हणजे चिवटच ना?"

"उलट," आप्पा म्हणाले. लोहारकामात हात मुरलेला माणूस. "छिन्नीचं टोक दोन-अडीच इंच लालभडक तापवायचं आणि पुढचा इंचभर भाग पाण्यात द्यायचा. हात वरखाली हलता ठेवायचा. एकाच जागी धरला तर पाण्याच्या रेषेवर तडा जातो. आता टोक कठीण झालं, कानस घसरते. पण घाव घाला, टवका उडेल. ते कठीण आहे, चिवट नाही."

"मग?"

"टोक दगडावर घासून चकचकीत करायचं आणि बघत बसायचं. मागची धग पुढे सरकते, तसे रंग चढतात. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. पिवळा साधारण 230 अंशांना, जांभळा 280च्या आसपास. जांभळा धारेवर आला की अख्खी छिन्नी पाण्यात. पिवळ्यावरच घाई केली तर धार तुटते, निळा उलटून गेला तर धार दुमडते. कठीणपणा थोडा सोडावा तेव्हा चिवटपणा येतो."

"हिऱ्याचंही तेच," मास्तर म्हणाले. "काठिण्य मोजायच्या मोह्ज (Mohs) श्रेणीत 10, सगळ्यात वर. पण ज्या दिशेने तो सहज फुटतो, नेमका त्या दिशेने टोला बसला की दुभंगतो."

तात्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "माणसाच्या बाबतीत तरी कणखर आणि चिवट एकच धरा."

"तिथेही नाही," मास्तर म्हणाले. "कणखर हे कायम कौतुकाचं. चिवट दोन्हीकडे चालतं. दिवसभर खेळपट्टी न सोडणारा फलंदाज चिवट, आणि महिनाभर न जाणारा खोकलाही चिवट. कणखर खोकला कुणी म्हणतं का?"