सिग्नलला गाड्या दिसतात, माझी आई दिसत नाही

आज डोकं सणकलंय, म्हणून लिहायला बसलेय. पोस्ट लांबेल, पण वाचा.

संध्याकाळी कामावरून येताना कोथरूडमधल्या आमच्या चौकात एक आजोबा रस्ता ओलांडत होते. हातात औषधांची पिशवी. हिरवा माणूस लागल्यावरच निघाले होते, झेब्रावरूनच चालले होते. अर्ध्यात पोचले आणि दिवा बदलला. पुढच्या गाड्या आधीच झेब्रावर चढून बसलेल्या, त्यांनी एकदम हॉर्न सुरू केले. एक पोरगा ओरडला, "ओ आजोबा, चला की पटापट!" आजोबांनी हात वर केला, मान खाली घातली आणि आपलीच चूक असल्यासारखे कसेबसे पलीकडे गेले.

मी तिथेच थांबून पुढचे तीन हिरवे दिवे मोबाईलवर मोजले. तीनही वेळा १८ सेकंद.

गेल्या नोव्हेंबरात माझी आई याच चौकात अडकली होती. बँकेत हयातीचा दाखला द्यायला एकटीच निघाली होती. वय ७६, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. घरी आल्यावर काहीच बोलली नाही. चहा करायला उठली तेव्हा मला तिचा तळहात दिसला. गंजाने तांबडा झालेला. म्हटलं, आई, हे काय? तर म्हणे, "काही नाही गं, दुभाजकाची जाळी धरून उभी होते. दोन्हीकडून बस जात होत्या." साबणाने दोनदा धुतला तरी रेषांमधला गंज निघेना.

आज जेवण झाल्यावर तिला खाली पार्किंगमध्ये नेलं आणि चालायला लावलं. १० मीटरला १७ सेकंद. सिग्नलची वेळ बसवताना माणूस सेकंदाला साधारण १.२ मीटर चालतो असं धरतात. त्या हिशेबाने १८ सेकंदांत आमचा रस्ता पार होतो. आईच्या चालीने १८ सेकंदांत साडेदहा मीटर होतात, आणि तिथे नेमका दुभाजक आहे.

आता मला राग कशाचा येतो ते सांगते. हा सिग्नल 'स्मार्ट' आहे! खांबावर कॅमेरे आहेत. गाड्यांची रांग वाढली की त्यांचा हिरवा दिवा आपोआप लांबतो. मीही स्कूटर चालवते, मलाही त्याचा फायदा होतो, नाही म्हणत नाही. पण ज्या यंत्राला गाड्यांची रांग मोजता येते, त्याला झेब्रावर काठी टेकत चाललेली बाई दिसू नये? तिला शोधायला त्याला कुणी सांगितलेलंच नाही. काही ठिकाणी तर डांबराखाली तारांचं वेटोळं पुरलेलं असतं, त्याला फक्त धातू कळतो. वरून लोखंड गेलं की नोंद होते. माणूस गेला तर नाही.

आणि हे काही चंद्रावर जाण्याइतकं अवघड नाही. ब्रिटनमध्ये 'पफिन' क्रॉसिंग नव्वदच्या दशकापासून आहेत. वर बसवलेला सेन्सर बघतो की रस्त्यात अजून कुणी आहे का. असेल, तर गाड्यांचा लाल दिवा तसाच राहतो. बटण दाबून माणूस निघून गेला असेल, तर गाड्यांना उगाच थांबवतही नाही. सिंगापूरमध्ये २००९ पासून 'ग्रीन मॅन प्लस' आहे. ज्येष्ठांनी सवलतीचं कार्ड खांबावर टेकवायचं, रस्त्याच्या रुंदीप्रमाणे ३ ते १३ सेकंद जास्त मिळतात. तेरा सेकंद! आईला तेवढे मिळाले असते तर ती जवळजवळ पलीकडे पोचली असती.

आमच्याकडे पादचाऱ्यांसाठी बटण आहे, तेही सांगते. आज मी ते दाबलं. शेजारी उभी असलेली कॉलेजची मुलगी म्हणाली, "काकू, ते चालत नाही. मी पण रोज दाबते." रोज दाबते म्हणाली.

'आधी लोकांना शिस्त लावा' अशी कमेंट येणारच. मान्य, लोक कुठूनही घुसतात, कानाला फोन लावून चालतात. पण आजोबा शिस्तीतच होते ना? आईसुद्धा शिस्तीतच होती. आणि भुयारी मार्ग, पादचारी पूल मला सांगू नका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला ते जिने चढा-उतरायला सांगून बघा. २०२२ साली देशात ३२,८२५ पायी चालणारी माणसं रस्ते अपघातांत गेली. एका वर्षात. ती काय सगळी बेशिस्त होती?

आणि आपलं पुणं याबाबतीत अगदीच अडाणी आहे असंही नाही. २०१६ मध्येच पादचारी धोरण झालंय आपल्याकडे. २०२१ मध्ये ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता गाड्यांना बंद करून पादचारी दिन साजरा झाला, तेव्हा किती भारी वाटलं होतं. मला तोच मान रोज हवाय, साध्या चौकात, सोमवारी सकाळी साडेनऊलासुद्धा. कॅमेरे बसवलेच आहेत, तर त्यांचं एक तोंड झेब्राकडे वळवा. दिव्यासोबत आवाजही द्या, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांनाही कळेल कधी निघायचं.

इतकं लिहून झाल्यावर राग जरा ओसरलाय. त्या ओरडणाऱ्या पोराबद्दलही आता तितकं वाईट वाटत नाहीये, तोही दिवसभर कुठेतरी राबूनच आला असेल. फक्त उद्यापासून गाडी पांढऱ्या रेषेच्या मागे उभी करा, तुम्ही सगळ्यांनी. मीही करेन. आजवर घाईत मीही कितीदा पुढे घेतलीय.

आई आत मेथी निवडतेय. उद्या तिला चष्म्याच्या दुकानात जायचंय, रस्त्याच्या पलीकडे. "मी जाईन गं हळूहळू," म्हणाली. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकलीय.